जुन्या बोट ट्रेलरचं बेअरिंग गेलं तर: हब उघडण्यापासून पहिल्या पन्नास मैलांपर्यंत

जुन्या बोटीचा सौदा ठरला की पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या अंगणातच, ट्रेलरचं प्रत्येक चाक जॅकवर उचलून बघा. घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी टायर धरा आणि आत-बाहेर हलवा. किंचित, जाणवेल न जाणवेल इतका खेळ असायलाच हवा. टकटक आवाज येत असेल तर बेअरिंग, म्हणजे चाक सहज फिरवणारं रोलरचं कडं, सैल आहे किंवा झिजलेलं आहे. मग चाक जोरात फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. चांगलं बेअरिंग हाताला काहीच सांगत नाही. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगवरच्या तळहाताला कळते. शेवटी वाकून रिमची आतली बाजू बघा. तिथे ग्रीसचे फटकारे उडालेले असतील तर मागचं सील, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारं रबरी ओठाचं कडं, फाटलेलं आहे, आणि जिथून ग्रीस बाहेर येतं तिथूनच पाणी आत जातं.

इथे आपण अमेरिकेत सर्रास दिसणारा ट्रेलर धरून चाललो आहोत: सोळा ते अठरा फुटी बोट, एक अ‍ॅक्सल, क्षमता ३,५०० पाउंड म्हणजे जवळपास १,६०० किलो, प्रत्येक चाकाला पाच नट. मिनेसोटा-मिशिगनच्या तळ्यांवर असो की टेक्सासच्या खाडीकिनारी, आतली रचना तीच असते. गावाकडे उसाच्या ट्रॉलीचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला पोकळ भाग, उघडलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनाही ती लगेच ओळखू येईल. तिथेही अशीच दोन टेपर (निमुळती) रोलर बेअरिंगं तोंडाला तोंड करून बसवलेली असतात. फरक इतकाच की उसाची ट्रॉली पाण्यात बुडत नाही, आणि बोट ट्रेलरचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

हबच्या टोकाला पारदर्शक टोपी असून आत तेल दिसत असेल, किंवा बेअरिंग सीलबंद डब्यासारखं एकसंध असेल, तर पुढची पद्धत तुमच्या ट्रेलरला लागू नाही. त्यांची जुळणी वेगळी असते.

बेअरिंग का जातं

ट्रेलर महामार्गावर तासभर धावला की हब गरम होतं आणि आतली हवा प्रसरण पावते. तसाच तो थेट रॅम्पवरून थंड पाण्यात उतरवला की हवा एकदम आकसते, आत पोकळी तयार होते आणि हब मागच्या सीलच्या ओठावरून पाणी आत ओढून घेतं. सील नवं असेल तर बऱ्याच अंशी तग धरतं. जुनं, कडक झालेलं सील धरत नाही. आत गेलेलं पाणी ग्रीसमध्ये घुसळलं जातं. अशा हबची टोपी काढली की दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाचं, पातळ, कडेला गंजाची तांबूस झाक असलेलं ग्रीस दिसतं. ते पाहिल्यावर बेअरिंग चांगलं असण्याची आशा ठेवू नका.

खरं नुकसान मात्र ट्रेलर उभा असताना होतं. ऑक्टोबरमध्ये बोट झाकून ठेवली की पाणी रोलर आणि रेस (रोलर ज्यावर फिरतात ते पोलादी कडं) यांच्या स्पर्शरेषेवर महिनोन्‌महिने बसून राहतं. वसंतात हब उघडलं तर रेसवर समान अंतरावर आडव्या काळ्या रेघा दिसतात, जितके रोलर तितक्या रेघा. नखाला लागतील अशा त्या रेघा म्हणजे गंजाने खाल्लेलं पोलाद. पुढच्या प्रवासात तिथून पोपडे सुटतात, पोपडे ग्रीसमध्ये फिरतात, उष्णता वाढते, ग्रीस वितळून वाहतं आणि कोरडं बेअरिंग काही मैलांत स्पिंडलला, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाच्या ज्या दांड्यावर हब फिरतं त्याला, चिकटतं. त्याच्याही पुढे गेलं तर चाक हबसकट निघून ट्रेलरला मागे टाकून जातं. म्हणून ‘अजून थोडे दिवस चालेल’ हा हिशेब बेअरिंगच्या बाबतीत करू नये.

सामान गोळा करताना

जॅक आणि जॅक स्टँड दोन्ही हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरशेजारी हातोडी चालवू नका. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, आणि ट्रेलर गाडीला जोडलेला राहू दिला तर उत्तम. बाकी लागणारं असं: चाकाचा पाना, टॉर्क पाना, मोठी पक्कड, हातोडी, रबरी हातोडी, पितळी सुंबा, सील उचकटायला पट्टी, व्हर्नियर कॅलिपर, पॉलिश पेपर, रॉकेल किंवा ब्रेक क्लीनर, भरपूर फडकी, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. बेअरिंग स्पिंडलवर जाम झालं असेल तर अँगल ग्राइंडर आणि छिन्नीही लागेल.

सुटे भाग मात्र हब उघडून मोजल्याशिवाय आणू नका. अशा बोट ट्रेलरवर बहुतेक वेळा दोनांपैकी एक स्पिंडल सापडतं. पहिलं पायरीचं: आतली बैठक, म्हणजे बेअरिंग बसतं ती जागा, १.३७८ इंच (३५ मिमी), बाहेरची १.०६३ इंच (२७ मिमी). त्याला आतून एल६८१४९ आणि बाहेरून एल४४६४९ हे बेअरिंग लागतं, सीलची जागा १.७१९ इंच. दुसरं सरळ, सहसा कमी क्षमतेच्या अ‍ॅक्सलवर: दोन्ही बैठका १.०६३ इंच, दोन्हीकडे एल४४६४९. आणखी हलक्या ट्रेलरवर पूर्ण एक इंचाचं स्पिंडल दिसतं, तिथे एल४४६४३ येतं. एल४४६४९ आणि एल४४६४३ या दोघांची बाहेरची रेस एकच, एल४४६१०. त्यामुळे नुसती रेस बघून बेअरिंग मागवलं की हमखास चुकतं.

आणखी एक खड्डा इथे आहे. एल६८१४९ बरोबर दोन वेगळ्या रेस मिळतात: एल६८११० आणि एल६८१११. आकड्यात एकाचा फरक, बाहेरच्या व्यासात जेमतेम ०.८४ मिमीचा. ट्रेलरच्या हबमध्ये सहसा १११ असते. तिच्या जागी ११० आणली तर ती हबमध्ये हाताने सरकन जाते, आणि ‘वा, किती सहज बसली’ असं वाटतं. रेस कधीही सहज बसता कामा नये. ती हबमध्ये घट्ट ठोकूनच बसली पाहिजे, नाहीतर ती हबमध्ये स्वतःच फिरते आणि हब कायमचं बाद होतं.

आकडे बेअरिंगच्या कडेवर कोरलेले असतात. जळलेल्या बेअरिंगवर ते वाचता येत नाहीत, म्हणून व्हर्नियर. स्पिंडल तीन ठिकाणी मोजा: आतली बैठक, बाहेरची बैठक, सील जिथे टेकतं ती जागा. प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा, कारण झीज बहुधा खालच्या बाजूला असते. बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचं घ्या. दोन्ही बाजूंचं मिळून बेअरिंग, रेस, सील, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुपायी पिन) आणि टोप्या असं सगळं एकदमच आणा. एका बाजूचं गेलं असेल तर दुसऱ्या बाजूनेही तेच पाणी प्यायलेलं आहे.

हब उघडणं

चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट अर्धा फेरा सैल करा, मग उचला. चाक काढा. हबच्या तोंडावरची टोपी कडेने गोल फिरत हळूहळू ठोकली की निघते. आत कॉटर पिन, खाचांचा नट आणि एका बाजूने सपाट भोक असलेला वॉशर दिसेल. पिन सरळ करून ओढा आणि फेकून द्या. ती दुसऱ्यांदा वापरायची नसते. नट काढा. आता हब थोडं पुढे ओढून परत मागे ढकला, म्हणजे वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग पुढे सरकून तुमच्या हातात येईल. ते जमिनीवरच्या वाळूत पडू देऊ नका, जुनं असलं तरी. त्याची तपासणी व्हायची आहे.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर ड्रम अडकू शकतो. मागच्या पत्र्यातल्या खाचेतून ब्रेकचा दातेरी स्क्रू उलटा फिरवून शूज आत घ्या. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर काढून तारेने फ्रेमला टांगा, रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका. ब्रेकच्या शूजना किंवा पॅडना ग्रीस लागलं असेल तर पुसून चालत नाही, बदलावे लागतात.

हब बाहेर आल्यावर ते पालथं करून मागचं सील उचकटा आणि आतलं बेअरिंग काढा. सगळं ग्रीस फडक्याने पुसून रॉकेलने धुवा. बेअरिंग धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवण्याचा मोह होतो, तो टाळा. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं की रोलर धरून ठेवणारी जाळी तुटून रोलर गोळीसारखे सुटू शकतात.

आता उजेडात नीट बघा. रेसवर आडव्या रेघा असतील तर पाणी. खवले उडालेले असतील तर झीज शेवटच्या टप्प्याला आहे. निळा-जांभळा रंग म्हणजे उष्णता: ग्रीस कमी पडलं किंवा नट जास्त आवळला. ठरावीक अंतरावरचे गुळगुळीत खळगे म्हणजे खड्ड्यांतले दणके किंवा कोणीतरी चुकीच्या जागी मारलेली हातोडी. रोलरच्या जाड टोकावर ओरखडे असतील तर ग्रीस तिथवर पोचलंच नव्हतं. कारण कळलं नाही तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाईल, म्हणून या पायरीला घाई करू नका.

बेअरिंग स्पिंडलला चिकटलं असेल तर

पूर्ण गेलेल्या बेअरिंगची बाहेरची जाळी आणि रोलर हबबरोबर येतात, आणि आतलं कडं स्पिंडलवर वितळून बसल्यासारखं राहतं. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग मागून दोन पट्ट्यांनी समोरासमोर उचकटून बघा. हललं तर नशीब.

नाही हललं तर ग्राइंडरने कड्यावर एक तिरकी खाच पाडा. खाच जवळजवळ आरपार न्यायची, पण स्पिंडलला पातं लागू द्यायचं नाही. शेवटचा अर्धा मिलीमीटर राहू द्या. मग खाचेत छिन्नी उभी धरून एकच खणखणीत घाव घाला. कडं कडक पोलादाचं असल्यामुळे वाकत नाही, तडकतं, आणि तडकल्याबरोबर पकड सुटते. तुकडा उडतो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय हा घाव घालायचाच नाही.

आणि ज्या भागावर ब्रेक क्लीनर मारला आहे तिथे ग्राइंडर, वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत आणू नका. क्लोरीनयुक्त क्लीनर उष्णतेने विघटित होऊन फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जिथे ठिणगी पडणार आहे तिथे साबण-पाणी वापरा आणि कोरडं करा. गॅसने स्पिंडल लाल करून कडं काढण्याचा मार्गही नको; त्याने स्पिंडलची ताकद जाते.

आता स्पिंडल

बेअरिंग बदलणं हे या कामातलं सोपं अंग आहे. ट्रेलर पुढचे पाच हंगाम चालणार की पुढच्या महिन्यात पुन्हा रस्त्याच्या कडेला उभा राहणार, हे स्पिंडल ठरवतं. पॉलिश पेपरने गंज आणि जळकं ग्रीस काढून ते उघडं करा.

रंग बघा. हलका पिवळसर डाग घासून जात असेल तर ठीक. पोलाद निळं पडलेलं असेल तर ते फार तापलेलं आहे आणि त्यावर बोटीचं वजन टाकू नये. मग नव्या बेअरिंगचं कडं तेलाचा हलका हात फिरवून बैठकीवर सरकवा. ते अंगठ्याच्या दाबाने गेलं पाहिजे आणि बसल्यावर डुगडुगता कामा नये. डुगडुगत असेल तर बैठक झिजलेली आहे. सुंब्याने टोचे मारून बैठक ‘फुगवणं’, आत पत्र्याची पट्टी घालणं, वेल्डिंगचा थर चढवून घासणं हे सगळे उपाय सांगणारे भेटतील. रस्त्यावर साठ मैलांच्या वेगाने मागून ओढायच्या वजनासाठी यातला एकही उपाय करू नका. अ‍ॅक्सल बदला.

अ‍ॅक्सल बदलणं ऐकायला मोठं वाटतं, पण लीफ स्प्रिंगच्या ट्रेलरवर ते फक्त यू-बोल्टनी धरलेलं असतं. मागवताना दोन मापं अचूक द्यावी लागतात: एका हबच्या तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंतचं अंतर, आणि एका स्प्रिंगच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं. शिवाय अ‍ॅक्सल सरळ आहे की मध्ये खाली उतरलेलं, आणि स्प्रिंगच्या वर बसतं की खाली, हे सांगा. यू-बोल्ट नवे घ्या. ट्रेलर खाऱ्या पाण्यात जाणार असेल तर गॅल्व्हनाइज्ड अ‍ॅक्सलच घ्या.

शेवटी सीलची जागा, जी बहुतेक जण बघतच नाहीत. सीलचा रबरी ओठ वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासून पोलादात बारीक चर पाडतो, आणि गंज तो खोल करतो. नख आडवं फिरवा. अडकलं तर तिथे नवं सीलसुद्धा पाणी अडवू शकणार नाही. हलका ओरखडा बारीक पॉलिश पेपरने गोलाईत घासून जातो. चर असेल तर त्या मापाची स्टेनलेसची पातळ बाही मिळते. ती ठोकून बसवली की सीलला नवा, गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. ‘दरवर्षी बेअरिंग बदलतो तरी पाणी जातंच’ अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी आधी हा चर शोधावा.

रेस काढणं आणि बसवणं

हबमध्ये डोकावलं की रेसच्या मागे दोन खाचा दिसतात. तिथून पितळी सुंबा रेसच्या कडेवर टेकवा आणि एकदा या खाचेतून, एकदा त्या खाचेतून असं आळीपाळीने ठोका. एकाच बाजूने ठोकत राहिलं तर रेस तिरकी होऊन अडकते. फारच जाम असेल आणि वेल्डिंग हाताशी असेल तर रेसच्या आतल्या पृष्ठभागावर वेल्डिंगची एक रेघ गोल फिरवा. थंड होताना रेस आकसते आणि हलक्या ठोक्याने सुटते. हब पूर्ण धुऊन कोरडं झाल्यावरच हे करा.

नव्या रेस दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब उन्हात. दोन्ही रेसचं रुंद तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे हबच्या आपापल्या टोकाकडे असतं. त्या बसवायला जुनी रेस हाच सगळ्यात चांगला ठोकळा. तिला एका जागी आरपार कापून घ्या, म्हणजे ती स्वतः आत अडकणार नाही. हळू ठोकत न्या आणि आवाजाकडे लक्ष ठेवा. रेस जात असताना आवाज बोदा असतो. तळाला टेकली की घण ऐरणीवर पडल्यासारखा टणक होतो. तो बदल ऐकू आला की थांबा. मग मागच्या खाचांमधून टॉर्चच्या उजेडात बघा: रेस आणि हबची पायरी यांच्यात केसाएवढीही फट नको. अर्धवट बसलेली रेस पहिल्या पन्नास मैलांत सरकते, आणि तुम्ही नेमका लावलेला नट सैल होतो.

रेस काढायच्या या खटपटीपेक्षा रेस आधीच बसवलेलं नवं हब घेणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. नवख्या माणसाला आम्ही तेच सुचवू, विशेषतः जुन्या हबचे बोल्ट गंजलेले असतील तर.

ग्रीस भरणं

बोट ट्रेलरसाठी पाण्यात टिकणारं, एनएलजीआय २ (ग्रीसच्या जाडीचं मोजमाप) जाडीचं व्हील बेअरिंग ग्रीस घ्या; डब्यावर जीसी-एलबी हे व्हील बेअरिंग ग्रीसचं प्रमाणचिन्ह शोधा. हिरवं, निळं, लाल हा रंग काही सांगत नाही. त्यातला साबण, म्हणजे ग्रीस दाट करणारा घटक, महत्त्वाचा: लिथियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम सल्फोनेट, पॉलीयुरिया हे सगळे एकमेकांत मिसळतातच असं नाही. न जुळणारी दोन ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन वाहतात. म्हणून जुनं सगळं धुऊन टाकायचं आणि नंतरही वर्षानुवर्षं त्याच डब्याचं ग्रीस वापरायचं.

तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. बेअरिंगचं रुंद तोंड त्या गोळ्याच्या कडेवर दाबत, ओढत न्या, पोळीने भाजी उचलावी तसं. पाच-सहा वेळा दाबल्यावर ग्रीस रोलरच्या मधून वर, अरुंद बाजूने, बारीक शेवेसारखं बाहेर येतं. तिथपर्यंत दाबायचं, मग बेअरिंग थोडं फिरवून पुढची जागा. पूर्ण गोल झाल्याशिवाय थांबू नका. बाहेरून फासलेलं ग्रीस दिसायला भरलेलं दिसतं, पण जाळीच्या आत कोरडंच राहतं. रेसवर पातळ थर द्या आणि स्पिंडलवर हात फिरवा, म्हणजे गंज चढणार नाही.

आतलं बेअरिंग हबमध्ये ठेवून सील बसवा. सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, ग्रीसकडे. लाकडाचा सपाट तुकडा ठेवून सगळीकडून सारखं ठोका, हबच्या कडेशी समपातळीत येईपर्यंत. ओठाला ग्रीसचं बोट लावा. कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यात जळतो.

नट किती आवळायचा

सगळ्यात जास्त बेअरिंगं इथे, स्पिंडलच्या टोकावरच्या खाचांच्या नटापाशी, मरतात, कारण नट म्हटला की हात आपोआप जोर लावतो. हब स्पिंडलवर सरळ सरकवा, सीलचा ओठ दुमडू देऊ नका. बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट. मग हब एका हाताने सतत फिरवत नट ५० फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर, आवळा. हे आवळणं फक्त बेअरिंग जागेवर बसवण्यासाठी आणि जादा ग्रीस बाजूला सारण्यासाठी असतं. ते तसंच ठेवायचं नाही. आता हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी, पान्याशिवाय, टेकेपर्यंत फिरवा. पिनचं भोक खाचेशी जुळत नसेल तर जवळच्या खाचेपर्यंत सैल करा. भोक जुळवण्यासाठी आवळायचं कधीच नाही.

बरोबर बसलेल्या हबला आत-बाहेर ०.००१ ते ०.०१० इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.२५ मिमी खेळ असतो. डायल गेज नसेल तर हब धरून हलवा: अगदी पुसटशी टिकटिक, डोळ्याला न दिसणारी. हा खेळ पाहून नवखे घाबरतात आणि पुन्हा पाना लावतात. असू द्या. गरम झाल्यावर पोलाद प्रसरण पावतं, आणि त्याला जागा लागते. नवी पिन घाला, तिचे पाय दुमडा, टोपीला घासणार नाहीत असे.

टोपीच्या जागी बेअरिंग बडी किंवा तशी स्प्रिंगची टोपी बसवत असाल तर तिचं माप हबच्या भोकाला तंतोतंत हवं. या हबना सहसा १.९८० इंची लागते. ती आत साधारण ३ पीएसआयचा दाब राखते, त्यामुळे पाणी ओढलं जात नाही. आतली तबकडी इंचाच्या आठव्या भागाइतकी पुढे आली की ग्रीस पुरे. पंप मारत राहिलात तर ग्रीस मागचं सील ढकलून ब्रेकमध्ये जाईल. आणि या टोपीतून दिलेलं ग्रीस मागच्या बेअरिंगचं जुनं ग्रीस बदलत नाही, म्हणून तिच्या भरवशावर हब उघडायचंच सोडून देऊ नका. काही अ‍ॅक्सलच्या स्पिंडलमध्येच भोक असतं आणि ग्रीस थेट मागच्या सीलजवळ निघून पुढे येतं; तिथे चाक फिरवत, अगदी सावकाश पंप करा.

चाक लावणं आणि पहिला प्रवास

अर्ध्या इंची बोल्टना चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने तीन टप्प्यांत: आधी २० ते २५ फूट-पाउंड, मग ५० ते ६०, शेवटी ९० ते १२०. पहिल्या प्रवासात १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासा. त्याच थांब्यावर हबला हात लावा. कोमट असेल तर छान. हात टेकवून ठेवता येत नसेल, किंवा डावं-उजवं यांच्यात स्पष्ट फरक असेल, तर पुढे जाऊ नका. स्पिंडलचा नट घट्ट आहे किंवा ब्रेक धरतोय. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतं आणि गाडीत ठेवण्याजोगं आहे. दोन्ही हबचे आकडे प्रत्येक थांब्यावर घेत राहिलं की बिघाड बराच आधी दिसतो.

रॅम्पवर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. हब हाताला गार लागेपर्यंत, वीस-तीस मिनिटं, पट्टे सोडा, ड्रेन प्लग लावा, लाइफ जॅकेट बाहेर काढा, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर हब, स्प्रिंग आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुवा, पण सीलवर प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका.

हब वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांवर, जे आधी येईल तेव्हा, उघडून नवं ग्रीस भरायचं. बोट ट्रेलरचे मैल कधीच भरत नाहीत, म्हणजे दरवर्षीच. ते हंगाम संपताना करा, सुरू होताना नाही. हिवाळाभर रेसवर पाणी बसण्याऐवजी ताजं ग्रीस बसू दे.

ट्रेलरबरोबर एक जास्तीचं हब ठेवा: रेस बसवलेल्या, बेअरिंग ग्रीसने भरलेली, सील लावलेलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात. सोबत वॉशर, नट, दोन कॉटर पिन, टोपी, पक्कड, पाना, जॅक आणि जमिनीवर ठेवायला जाड फळी. डब्यावर बेअरिंगचे आणि सीलचे आकडे आणि ग्रीसचं नाव न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि ट्रेलरच्या दांड्यावर, गाडीला जोडतो तिथे, हब शेवटचं कधी उघडलं ती तारीख रंगाने लिहून ठेवा.